नवं काम उभं करायचं कृपादान आणि धरसोड

प्रश्न थोडक्यात असा: "मी 29 वर्षांची, नागपुरातल्या एका जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेली. नोकरी करते. गेल्या सहा वर्षांत तीन कामं सुरू केली. हिंगण्याच्या कामगार वस्तीत मुलांची शब्बाथ शाळा (रविवारची बायबल शाळा), तिथल्याच मुलींसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग, आणि आता रात्रपाळीच्या नर्सेससाठी एका भाड्याच्या खोलीत प्रार्थना सभा. तिन्ही जमली. पण काम जमलं की माझं मन तिथे राहत नाही, पुढची जागा दिसायला लागते. पंच मंडळातले वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी जाणती माणसं, याला धरसोड म्हणतात. एक पाहुणे प्रचारक मात्र म्हणाले, तुला देवाने पायोनियरचं दान दिलंय. खरं कोण? आणि दान असेल तर नोकरी सोडून यातच उतरू का?"

बेटा, सलाम.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट शोधत होतो. ती सापडली नाही. शब्बाथ शाळा कशी सुरू झाली, पहिल्या रविवारी किती मुलं आली, पावसात पत्रा कसा गळायचा, हे सगळं तू मनापासून लिहिलंस. आज ती शाळा कोण घेतं, हे लिहिलं नाहीस. अभ्यासवर्ग चालू आहे की बंद पडला, तेही नाही. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

नवं उभं करायचं दान असतं. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पवित्र शास्त्रात पायोनियर हा शब्द नाही, पण इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक आणि शिक्षक अशी नावं येतात, आणि त्यातलं पहिलं नाव पाठवलेल्या माणसाचं आहे. रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल स्वतःची तळमळ सांगतो: जिथे ख्रिस्ताचं नाव अजून पोहोचलं नाही तिथे जावं, दुसऱ्याने घातलेल्या पायावर आपण बांधू नये. ज्याला हे दान आहे त्याला ही ओळ वाचताना छातीत काहीतरी हलतं. तुझं हललं असणार. माझंही हललं होतं, चौतीस वर्षांपूर्वी.

पण इफिसकरांचं ते वचन पुढे वाच. ही माणसं कशाला दिली? पवित्र जनांना सेवेसाठी तयार करायला. म्हणजे तू किती सुरू केलंस हा त्या दानाचा हिशोब नाही. तुझ्या हातून किती जण ते काम करायला तयार झाले, हा हिशोब आहे. पाहुणे प्रचारक दोन दिवस राहून गेले. त्यांनी तुझी सुरुवात पाहिली आणि ते म्हणाले ते खरं आहे. पंच मंडळातल्या वडिलांनी तुझं निघून जाणं पाहिलं. त्यांचंही खरं आहे.

माझे मामा काटोलकडे संत्र्याची बाग करायचे. लहानपणी सुट्टीत मी तिथेच असायचो. एकदा मी एका झाडाकडे बोट दाखवून म्हटलं, मामा, ही फांदी बघा किती जोरात आलीय. सरळ वर गेलेली, पानं मोठी, हिरवीगार, बाकीच्या फांद्यांपेक्षा हातभर उंच. मामांनी खिशातून चाकू काढला आणि ती बुडातून कापली. मी रडकुंडीला आलो. ते म्हणाले, हा पानसोट आहे. याला फळ येत नाही. झाडाचा रस ओढतो आणि नुसता वाढतो. मग मला खाली बसवून दाखवलं: खुंट जंबेरीचा आहे, त्यावर संत्र्याचा डोळा भरलाय, म्हणजे कलम केलंय, डोळ्याच्या खालून जे फुटेल ते जंबेरीचंच, काटेरी आणि आंबट. जंबेरी मातीत घट्ट उभी राहते आणि वरच्या झाडाला पोसते. कळमन्याच्या बाजारात गाडी लागते ती संत्र्याची. जंबेरीचं नाव तिथे कोणी घेत नाही.

नवं काम उभं करणाऱ्याची जागा त्या खुंटाची असते. आणि आपल्यातली अस्वस्थता पुष्कळदा पानसोट असते. दोन्हींत जोर असतो, म्हणून नुसत्या जोरावरून ओळखता येत नाही. काम जमल्यावर मन उडालं, एवढ्यावरून ते दान ठरत नाही, आणि पापही ठरत नाही. मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: नवी जागा दिसते तेव्हा जुन्या जागेतल्या माणसांची नावं मला प्रार्थनेत आठवतात का? आठवत असतील तर ओढ बहुधा प्रभूची असते. आठवत नसतील, नुसती जागाच डोळ्यांसमोर नाचत असेल, तर मी थांबतो.

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय वरचं काही बोलायचा मला हक्क नाही.

तेव्हा मी रेल्वेत नोकरीला होतो आणि सुट्टीच्या दिवशी बुटीबोरीच्या पुढे एका गावात जायचो. चार वर्षांत तेरा कुटुंबं एकत्र आली. गावातल्या एका शेतकऱ्याने आपली कांद्याची खोली भाड्याने दिली होती. कुलूप मी आणलं, चावी माझ्या खिशात. गाणी मी काढायचो, वचन मी सांगायचो, अर्पणाची वही माझ्या पिशवीत. लोक प्रेमाने म्हणायचे, पास्टर आल्याशिवाय सभा सुरू होत नाही, आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. मग मला पुढचं गाव दिसलं. मी तिथल्या लोकांना सांगितलं की देव मला पुढे बोलावतोय, सगळ्यांनी रडत प्रार्थना केली, मी गेलो. दोन जणांना म्हटलं होतं, तुम्ही चालवा. कसं, ते कधी दाखवलं नव्हतं. चावी द्यायचीही राहून गेली. पुढच्या आठवड्यात आणून देतो म्हणालो, आणि तो आठवडा आला नाही.

सहा महिन्यांनी त्या रस्त्याने जाताना थांबलो. खोलीत कांदे भरलेले होते. दाराशी एका पोत्यात आमची गाण्याची पुस्तकं, वरून उंदरांनी कुरतडलेली. शेजारच्या घरातून एक म्हातारी बाई आली. सभेत ती नेहमी दारापाशी बसायची, तिला वाचता येत नव्हतं, पण वचनं तोंडपाठ. तिने मला पाणी दिलं आणि मी प्यायल्यावर विचारलं, "तुमी लावून गेले पास्टर, पन पानी घालाले कोनाले सांगून गेले?"

करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल म्हणतो की मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, पण वाढवलं देवाने. हे वचन मीच त्या खोलीत शिकवलं होतं. तिने ते ऐकलं होतं आणि माझ्यापेक्षा नीट ऐकलं होतं. पौलाच्या त्या वाक्यात अपुल्लोस आहे. माझ्या कामात अपुल्लोस नव्हता. मी लावलं, आणि देव वाढवेल म्हणून निघून आलो, मधला माणूस सोडून.

तेरापैकी पाच कुटुंबं पुढे परत एकत्र आली, त्यात माझा वाटा नाही. त्या बाईनेच आपल्या ओसरीवर सभा घ्यायला सुरुवात केली. वाचायला नातीला बसवायची.

प्रेषितांची कृत्यं हे बायबलमधलं पुस्तक तू कुठल्या नजरेने वाचतेस त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. आपण प्रवास बघतो: पौल इथे गेला, तिथे गेला. मी आता मुक्काम बघतो. करिंथात दीड वर्ष. इफिसात तीन वर्षं. आणि चौदाव्या अध्यायातली ती गोष्ट: लुस्त्रात त्याला दगडमार करून, मेला असं समजून गावाबाहेर ओढून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो दर्बेला गेला. तिथून पुढे जायचं सोडून तो उलट फिरला, त्याच लुस्त्रात, त्याच इकुन्यात, त्याच पिसिदियातल्या अंत्युखियात परत गेला. कशाला? शिष्यांची मनं खंबीर करायला आणि प्रत्येक मंडळीत वडील नेमायला. ज्या गावाने दगड मारले तिथे वडील नेमायला परत जाणं, हे मला त्या पहिल्या प्रवासातलं सर्वांत मोठं धाडस वाटतं. पुढे क्रेतात त्याने आपला सहकारी तीत याला मागे ठेवलं ते याचसाठी, राहिलेलं नीट करायला आणि गावोगावी वडील नेमायला.

आणि त्या पहिल्या प्रवासाची सुरुवात बघ. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा सूरियातल्या दुसऱ्या अंत्युखियातल्या मंडळीत शिकवत होते, तिथल्या लोकांबरोबर उपास-प्रार्थना करत होते, तेव्हा पवित्र आत्मा बोलला आणि मंडळीने हात ठेवून त्यांना पाठवलं. परत आल्यावर त्यांनी मंडळी जमवून देवाने काय काय केलं ते सगळं सांगितलं. तुझ्या मंडळीचे वडील आज तुला धरसोड म्हणतात, पण हिंगण्याची शाळा सुरू करताना तू त्यांना विचारलं होतंस का? अभ्यासवर्गात काय झालं ते कधी मंडळीपुढे उभं राहून सांगितलंस का? ज्यांना काही कळवलंच नाही त्यांना आपली धावपळ तेवढी दिसते.

आपल्या नागपूरचंच बघ. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 साली इथे आले तेव्हा भोसल्यांचं राज्य होतं. नव्या जागेची ओढ त्यांच्याइतकी थोड्यांना असेल. गोंड लोकांची भाषा आणि रीती त्यांनी टिपल्या, खडकांतले जीवाश्म गोळा केले, नागपूरच्या भूगर्भावर लिहिलं. पण अठरा वर्षं ते याच मुलखाशी बांधलेले राहिले, आणि त्यातला मोठा वेळ शाळेत मुलांना शिकवण्यात गेला. 1863 च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून ते वारले. त्यांच्या नावाचं कॉलेज 1883 साली सुरू झालं, मृत्यूनंतर वीस वर्षांनी. बुटीबोरीकडे जाताना टाकळघाटचा फाटा लागला की मला दर वेळी ते आठवतात.

आणखी एक. नवं म्हणजे नवी वस्तीच, असं धरून चालू नकोस. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात 29 नोव्हेंबर 1970 ला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्याची बोलणी 1929 पासून चालली होती. एक्केचाळीस वर्षं. ज्यांनी सुरुवात केली त्यांतल्या पुष्कळांनी शेवट पाहिला नाही. जुन्या घरात नवी वाट काढणं हेही याच दानाचं काम आहे, आणि त्याला जास्त दम लागतो. म्हणून रविवारी सकाळी दहाला, आपल्याच मंडळीच्या उपासनेच्या वेळी, वेगळी सभा भरवायचा विचार कधी मनात आला तर तो तिथेच सोडून दे.

नोकरी सोडू नकोस. याचं उत्तर मी लांबवत नाही. पौल करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवत होता. मी एकोणीस वर्षं रेल्वेचा पगार घेत सेवा केली आणि त्याने माझी सेवा लहान झाली नाही. उलट ज्या माणसांना मी भेटलो ती ड्युटीवरच भेटली. मंडळी स्वतःहून म्हणेल, आम्ही तुला पाठवतो आणि तुझा भार उचलतो, तेव्हा विचार कर. तोवर पगार चालू दे. आणि घरच्यांना गृहीत धरू नकोस. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मराठी ख्रिस्ती माणसाला अभंगाच्या चालीत प्रभूचं नाव गायला शिकवलं. आपण त्यांची गाणी गातो. पण त्या बाप्तिस्म्यानंतरची काही वर्षं लक्ष्मीबाईंनी नवऱ्यापासून दूर कशी काढली, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. दान एकाला मिळतं, किंमत घरातले सगळे देतात. तुझ्या आईला विचार, तुला यायला रात्री दहा वाजतात तेव्हा ती काय करते.

आता तुझ्या तीन कामांकडे येतो, कारण नव्या जागेबद्दल बोलायच्या आधी ती निस्तरायची आहेत.

हिंगण्याच्या शाळेत या रविवारी जा. शिकवायला जाऊ नकोस, बघायला जा. मुलं येत असतील तर कोण घेतंय त्याच्याजवळ बस आणि विचार, तुला काय लागतं. बंद पडली असेल तर त्या घरांत जाऊन माफी माग. लाज वाटेल, मला वाटली होती, पण लोक फार लवकर क्षमा करतात. मुलांचं काम आहे म्हणून आणखी सांगतो. दोन मोठी माणसं कायम हजर हवीत, एकटी नाही. दार उघडं. प्रत्येक आईवडिलांची परवानगी, लेखी असली तर उत्तम. शेजारी हिंदू आहेत, बौद्ध आहेत, त्यांना स्पष्ट सांग की इथे बायबलच्या गोष्टी सांगतो, येणं न येणं तुमच्या मनावर. वह्या, खाऊ, कपडे, कशाचीही अट विश्वासाशी जोडू नकोस. लपवून केलेली सेवा मी एकही टिकलेली पाहिली नाही.

अभ्यासवर्गाबद्दल माझं मत वेगळं आहे. त्यातल्या मोठ्या मुली आता अकरावी-बारावीला असतील. त्यांतल्याच दोघी लहानांना शिकवू शकतात. तू तिथे परत शिकवायला उभी राहिलीस तर त्यांची संधी घेशील. महिन्यातून एकदा जाऊन त्यांच्याबरोबर चहा घे, एवढं पुरे.

पैशांचं एक. तू लिहिलंस की नर्सेसच्या खोलीचं भाडं सगळ्या मिळून देतात आणि क्यूआर कोड तुझ्या नावाचा आहे. तो आजच बदल. तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही. तुझ्या खात्यात पैसे येतात तोवर ते काम तुझंच राहणार, कोणी दुसरी पुढे येणार नाही. दोघींनी मिळून मोजायचं, वहीत लिहायचं, दोघींची सही. एवढ्या लहान सभेला नोंदणीची घाई नको. पुढे जागा, देणग्या वाढल्या तर 1860 चा सोसायटी नोंदणी कायदा आणि महाराष्ट्राचा 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे, धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंद होते, दरवर्षी हिशोब तपासून द्यावा लागतो. ते काम अशा माणसाकडे दे ज्याला कागद आवडतात. तुला आवडत नाहीत, तुझ्या पत्रावरूनच कळतं, आणि त्यात काही वाईट नाही. मंडळीत त्यासाठीही कोणाला तरी दान दिलेलं असतं.

मंडळीच्या वडिलांशी बोलताना वाद घालू नकोस. पौल आणि बर्णबा यांच्यातही अशाच कारणावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यांच्याबरोबरचा मार्क पंफुल्यातून परत गेला होता, पौलाच्या लेखी तोही धरसोड करणारा. बर्णबाने त्याला जवळ केलं. आणि आयुष्याच्या शेवटी तोच पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे. तुला एक बर्णबा हवाय. तो बहुधा तुझ्या मंडळीतच मागच्या बाकावर बसत असेल. मोठ्या आवाजात बोलणारा नसेल. त्याला किंवा तिला शोध आणि सांग, मी पुढच्या वेळी निघायला लागले तर मला थांबवून विचारा.

नवी जागा दिसली तर? दिसेलच, दान काढून घेतलं जात नाही. यरुशलेमेचा तट पुन्हा बांधायला आलेला नहेम्या तिथे पोहोचल्यावर तीन दिवस गप्प होता, मग रात्री थोडी माणसं घेऊन पडलेले तट बघत फिरला, आणि देवाने मनात काय घातलंय ते कोणाला सांगितलं नाही. तसंच कर. जाऊन ये, वस्तीत फिर, टपरीवर चहा घे, लोकांची नावं विचार, घरी येऊन लिहून ठेव. मोबाईलवर जाहीर करू नकोस. आणि पहिल्या दिवसापासून कोणाला तरी बरोबर ने. पहिल्या आठवड्यात ती बघेल, तू करशील. दोन-तीन महिन्यांनी ती करेल, तू बघशील. वर्षभरात ती तुझ्याशिवाय करेल आणि तुला फक्त फोनवर सांगेल. हे मी त्या कांद्याच्या खोलीनंतर शिकलो, आणि त्यानंतरच्या पाच जागांपैकी चार आजही माझ्याशिवाय चालू आहेत.

नर्सेसच्या सभेत तू एका सिस्टरबद्दल लिहिलंस, जी रात्रपाळी संपवून सरळ येते, झोपेने डोळे लाल असतात तरी सगळ्यांना चहा करते आणि कोण आलं नाही ते तिच्या लक्षात राहतं. तुला ती मदतनीस वाटते. मला तुझ्या पत्रात ती पाळक दिसली. पुढच्या सभेत वचन तिला सांगू दे. अडखळली तरी मधे बोलू नकोस. सभा संपल्यावर खोलीची चावी तिच्या हातात दे, आणि डुप्लिकेट करून स्वतःजवळ ठेवू नकोस.